वाचक विचारतात : ‘ओला’ अरबी आहे का?

प्रश्न : स्पॅनिशमधला ‘ओला’ (hola, म्हणजे ‘नमस्कार’) हा शब्द अरबी ‘व-ल्लाह’ म्हणजे ‘अल्लाशपथ’ यावरून आला, असं वर्गात सांगितलं. दुसरीकडे तो जर्मन किंवा फ्रेंच असल्याचं वाचलं. बरोबर काय?

उत्तर : अरबीचा दावा ऐकायला छान आहे, पण तपासणीत टिकत नाही. स्पॅनिशमध्ये अरबी शब्द हजारोंनी आहेत, त्यामुळे शंका येणं साहजिक. मात्र ‘व-ल्लाह’चं स्पॅनिश रूप आपल्याला माहीत आहे, ते म्हणजे ‘ग्वाला’. सर्व्हांतेसच्या ‘दोन किहोते’ (डॉन क्विक्झोट) या कादंबरीच्या पहिल्या भागात (१६०५) अल्जीयर्सचा एक मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतला मुसलमान, गृहस्थ बोलताना हाच शब्द वापरतो. अरबी ‘व’ स्पॅनिशमध्ये येताना ‘ग्व’ होतो : ‘वादी’ म्हणजे नदी, तिचं ‘ग्वादलकिवीर’मध्ये ‘ग्वाद’ झालं. ‘ओला’मध्ये हा ‘ग्व’ गेला कुठे? शिवाय ‘ग्वाला’चा आघात शेवटच्या अक्षरावर, ‘ओला’चा पहिल्यावर.

अर्थही जुळत नाही. स्पॅनिश अकादमी या भाषासंस्थेच्या पहिल्या कोशात (१७३४ चा खंड) ‘ओला’ ही आपल्याहून खालच्या माणसाला हाक मारण्याची सामान्य लोकांची रीत म्हणून दिली आहे. नवल वाटल्यावर निघणारा उद्गार हा दुसरा अर्थ. म्हणजे आधी हाक, अभिवादन नंतरचं. नोकराला हाक मारताना देवाची शपथ कशाला घालायची?

गोंधळाचं एक मूळ बहुधा ‘ओले’ या शब्दात आहे. बैलझुंजीतल्या या आरोळीपुढे अकादमीच्या कोशात पूर्वी ‘व-ल्लाह’ हीच व्युत्पत्ती छापली जायची. पुढे ती काढून टाकली. खरोखर अरबी हवा असेल तर ‘ओहाला’ (‘देव करो’) घ्या. तो अंदलुसी अरबीतल्या (मध्ययुगीन स्पेनमधल्या अरबीतल्या) ‘लव शा ल्लाह’वरून आला. जुन्या स्पॅनिशमध्ये त्यात ‘श’ होता, नंतर त्या ‘श’चा घशातला ‘ह’ झाला. पोर्तुगीज मात्र अजून ‘ओशाला’ म्हणतात.

आता जर्मन-फ्रेंच. फ्रेंचमधला तसाच शब्द ‘हो’ ही हाक आणि ‘ला’ (तिथे) यांचा जोड आहे. जर्मनमध्ये ‘होला’ आणि ‘हालो’ आहेत. साम्य ढळढळीत आहे, पण फ्रेंच आणि पोर्तुगीज रूपांत आघात शेवटी पडतो. त्यामुळे सरळ उसनवारी सिद्ध होत नाही. आजचा अकादमीचा कोश ‘ओला’ला भावव्यंजक ध्वनी मानतो, आणि आम्हालाही तेच पटतं. मराठीतले ‘ओ’, ‘अहो’, ‘ए’ पाहा. दुरून लक्ष वेधायला मोकळ्या तोंडाचे स्वर लागतात, ते कुणाकडून शिकावे लागत नाहीत. अशा शब्दांत नुसत्या साम्यावरून वंशावळ काढली की हमखास फसगत होते.

प्रश्न : मग वयस्कर माणसाला ‘ओला’ म्हणणं उद्धट ठरतं का?

उत्तर : नाही, ती जुनी छटा आता उरलेली नाही. अनोळखी किंवा वडीलधाऱ्यांशी ‘ओला’ला ‘ब्वेनोस दीआस’ (सकाळचं अभिवादन) याची जोड द्यावी. स्पेनमध्ये ते दुपारच्या जेवणापर्यंत चालतं, आणि जेवण दोननंतर असतं. मग ‘ब्वेनास तार्देस’ (दुपारचं अभिवादन). लिहिताना सुरुवातीचा ‘एच’ गाळू नका. उच्चारात तो मूक आहे, पण गाळला तर त्याच उच्चाराचा, ‘लाट’ या अर्थाचा वेगळाच शब्द होतो. फोन उचलल्यावर मात्र स्पेनमध्ये ‘दीगामे’ (‘बोला’) आणि मेक्सिकोत ‘ब्वेनो’ ऐकू येईल.