राणीच्या सखीला स्वतःचं काही असतं का?

प्रश्न: ताई, मी ऐतिहासिक कादंबरी लिहायला घेतलीये. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं इंग्लंड, तिथली राणी आणि तिची खास सखी, या दोघींची मैत्री हाच विषय. पण वाचून बघणाऱ्यांचं म्हणणं की सखी नुसती राणीचं रडगाणं ऐकत बसते, तिला स्वतःचं असं काहीच नाही. काय करू? आणि एकांतात त्या एकमेकींना काय म्हणतील, तू की आपण?

उत्तर: अगं, बरोबरच बोलतायत ते! आधी एक लक्षात घे की सखी नोकरीला आहे. तिला पगार आहे, हुद्दा आहे, नवरा आहे, त्या नवऱ्याचं करिअर आहे आणि शिवाय कुणा ना कुणा नातेवाइकाला दरबारात चिकटवायचंय. आपल्याकडच्या कादंबऱ्यांत हे सगळं गाळतात आणि मग उरते फक्त मान डोलवणारी बाई.

तुझ्या काळातलीच राणी अ‍ॅन आणि तिची सखी सारा चर्चिल घे ना. १६९२ मध्ये अ‍ॅनची बहीण राणी मेरी हिने साराला काढून टाक म्हणून हुकूम दिला, तर अ‍ॅनने राहतं घर सोडलं पण साराला सोडलं नाही. आणि तीच अ‍ॅन १७०२ मध्ये राणी झाली, साराला सगळी मोठी पदं दिली, आणि १७११ मध्ये तिच्याकडून पदाची सोन्याची किल्ली परत मागून घेतली. मधे काय झालं? सारा व्हिग पक्षाची कट्टर, राणीचा कल त्यांच्या विरोधातल्या टोरी पक्षाकडे, सारा पत्रांमागून पत्रं लिहून राजकारणाचे डोस पाजत राहिली आणि दरबारात यायची मात्र कमी झाली. जाताना तिने काय केलं माहितीये? राणीने पूर्वी देऊ केलेले आणि तिने नाकारलेले वर्षाला २००० पौंड, ते नऊ वर्षांचे एकदम १८००० वसूल केले. इतकी वर्षं जीव लावला त्याचा हिशोब असा! मला तर ही सारा भयंकर आवडते, राग येतो तरी आवडते.

तिची जागा घेतली अ‍ॅबिगेल हिलने, साराचीच गरीब नातेवाईक, साराने स्वतः दरबारात चिकटवलेली. तिचं काम बघ: गुडघ्यावर बसून राणीच्या हातावर पाणी घालायचं, राणीला जमत नसेल तेव्हा हातमोजे चढवायचे, आणि वरच्या हुद्द्याची लेडी असेल तर ती शेजारी नुसती बघत उभी. आता राणीला गाउटचा, म्हणजे सांधे सुजून ठणकण्याचा त्रास, सतरा गरोदरपणांतून एकही मूल मोठं झालं नाही, १७०८ मध्ये नवराही गेला. अशा बाईला रोज जवळ कोण होतं? तुझी कादंबरी मला इथे दिसते, मोठ्या संवादांपेक्षा त्या पाणी घालण्याच्या दहा मिनिटांत. अ‍ॅबिगेल मुद्दाम गोड वागते की खरंच जीव लावते हे वाचकाला शेवटपर्यंत नक्की कळू देऊ नकोस. तिलाही नक्की माहीत नसेल कदाचित.

अजून एक, भांडण दोघींना सारखं परवडत नाही. राणी रुसली की सखीच्या अख्ख्या घराची पदं जातात, सखी रुसली तर राणीला फक्त एकटं वाटतं, आता ‘फक्त’ म्हणायचं का ते तू ठरव.

तू की आपण? अ‍ॅन आणि साराने यावर भारी तोडगा काढला होता, पत्रांत राणी व्हायची मिसेस मॉर्ली आणि सारा मिसेस फ्रीमन, म्हणजे पद बाजूला आणि दोन साध्या बायका. तू पण असं टोपणनाव दे, एकांतात ‘तू’ आणि दार उघडलं की ‘आपण’. आणि ज्या प्रकरणात बिनसतं तिथे कुणी आसपास नसतानाही सखीच्या तोंडून ‘आपण’ येऊ दे, भांडणाचा वेगळा सीन लिहायची गरजच पडणार नाही.