वाचकांचे प्रश्न : एमओयू केला, फोटो निघाला, आता पुढं काय?

प्रश्न : आमचा गंगापूर रोडला आठ-नऊ जणींचा ग्रुप आहे. जपानी शिकता शिकता सुरू झाला, मग ओरिगामी, इकेबाना (जपानी पुष्परचना), आता नेपाळी आणि तिबेटी सणसुद्धा करतो. नोंदणी नाही, वर्गणी काढून चालतं. एका कॉलेजनं ‘आशियाई संस्कृती आणि परस्पर समज’ असा वर्षभराचा उपक्रम मिळून करू म्हणून एमओयूचा (सामंजस्य कराराचा) मसुदा पाठवलाय. चार पानं आहेत, ‘सहकार्य वृद्धिंगत करणे’ पाचदा आलंय, पण पैसे, हॉल, तारखा कुठंच नाहीत. निम्म्या जणी म्हणतात सही करून टाकू, निम्म्या नको म्हणतात. काय करावं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, सही करा, पण या मसुद्यावर नको. आधी एका रविवारी सगळ्या मिळून पांडवलेणीला जाऊन या. सकाळी लवकर निघा, नाहीतर त्या पायऱ्या चढताना ऊन असं लागतं की संस्कृती-बिंस्कृती सगळं खालीच राहतं. दहा नंबरच्या लेण्याच्या ओसरीत उषवदाताचा शिलालेख आहे. हा नहपान या क्षत्रप राजाचा जावई, म्हणजे शक, म्हणजे आपल्या भाषेत बाहेरून आलेला माणूस. त्यानं भिक्खूंसाठी ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेव म्हणून दिले आणि ते कुठं ठेवले, तर गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे (म्हणजे त्यांच्या संघांकडे), गोवर्धन म्हणजे तुमच्याच गंगापूर रोडवरचं. एका श्रेणीकडे २०००, महिना एक टक्क्यानं, दुसरीकडे १०००, पाऊण टक्क्यानं. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, त्यातून वीस भिक्खूंना पावसाळ्यातली चीवरं, म्हणजे अंगावरची वस्त्रं. आणि हे सगळं सभेत वाचून दाखवलं, दप्तरात नोंदवलं. कोण, किती, कशासाठी, कधीपर्यंत, सगळं आलं. जवळपास १९०० वर्षांपूर्वीचा कागद (म्हणजे दगड) तुमच्या चार पानांपेक्षा स्पष्ट आहे आणि त्यात ‘वृद्धिंगत’ एकदाही नाही.

तुमच्याही कागदात असंच सरळ येऊ द्या. हॉल महिन्यातून कितीदा मिळणार, किल्ली कोणाकडे, रविवारी वॉचमन सोडणार का, साहित्याचे आणि येणाऱ्या पाहुण्यांच्या मानधनाचे पैसे कोण देणार आणि आधी देणार की बिलं लावून सहा महिन्यांनी. सगळ्यात महत्त्वाचं, कॉलेजच्या बाजूनं नावानिशी दोन माणसं पाहिजेत, एक नाही, कारण आपल्याकडे बहुतेक उपक्रम हे कुठल्यातरी एका उत्साही मॅडमच्या जिवावर चालतात आणि मॅडमना परीक्षा विभाग दिला की उपक्रम संपला. आणि नोंदणी करून घ्या, नाहीतर चेक कोणाच्या नावानं काढायचा यावरच गाडी अडते.

असं मिळून केलेलं टिकतं का, तर टिकतं. शांतिनिकेतनच्या विश्वभारती विद्यापीठातलं चीना भवन घ्या, चिनी भाषा आणि संस्कृतीच्या अभ्यासाचं. १९३७ मध्ये उभं राहिलं, त्याच्या मागं नुसतं विद्यापीठ नव्हतं, तान युन-शान यांच्या खटपटीतून निघालेली चीन-भारत सांस्कृतिक सोसायटी होती, तिनं चीनमधून पैसे आणि पुस्तकं जमवली, विद्यापीठानं जागा दिली. आजही तिथं चिनी शिकवतात. एका बाजूला वेड असलेली माणसं, दुसऱ्या बाजूला छप्पर आणि कपाटं, एवढंच लागतं खरं तर.

आता तुम्ही न विचारलेलं सांगतो. मी एकदा एका कॉलेजच्या ‘आशिया डे’ला परीक्षक म्हणून गेलो होतो. नाव नको. स्टेजवर एक मुलगी किमोनो घालून आली, फार गोड दिसत होती, आणि उजवी बाजू डावीवर घेतली होती. किमोनोत कायम डावी बाजू वर येते, उजवी वर घेतात ती फक्त मेलेल्या माणसाला नेसवताना. पहिल्या रांगेत एक जपानी बाई बसल्या होत्या, कोणाच्यातरी ओळखीनं आलेल्या. त्या काही बोलल्या नाहीत, मांडीवरच्या पर्सचा पट्टा तेवढा घट्ट धरला. त्यांना पाहुणी म्हणून हार घातला होता, पण आधी ग्रीनरूममध्ये दोन मिनिटं बोलवायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. त्याच दिवशी बाहेर मोमोचा स्टॉल होता आणि त्यावर एक तिबेटी काकू उभ्या होत्या, ज्या थंडीत शरणपूर रोडला स्वेटर विकतात. त्यांनी मला हसत सांगितलं की त्यांना मोमो येतच नाहीत नीट, घरी नवरा करतो, पण आयोजकांनी ‘तुम्ही मोमो आणा’ एवढंच सांगितलं होतं!

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की एमओयूत दोन नाही तीन सह्या ठेवा. कॉलेज, तुमचा ग्रुप, आणि ज्यांची संस्कृती दाखवणार त्यांच्यापैकी कोणीतरी, कार्यक्रम ठरवतानाच, स्टॉलवर नाही. नाशिकमध्ये माणसं आहेत की. दर हिवाळ्यात येणारे तिबेटी आहेत, सोसायटीच्या गेटवर नेपाळी दाजू (म्हणजे दादा) आहेत, देवळालीत पारशी आहेत, त्यांचं मूळ तर इराणातलं. तिबेटी लोकांचा लोसार, म्हणजे नववर्षाचा सण, बऱ्याचदा फेब्रुवारीत येतो, म्हणजे स्वेटरचा सीझन उतरणीला लागताना, आणि कॉलेजची तारीख नेमकी डिसेंबरात पडते, जेव्हा त्यांना दुकान सोडून पाणी प्यायलासुद्धा फुरसत नसते. तारीख त्यांना विचारून ठरवली तर अर्धं काम झालं.

प्रश्न : मी एसवाय बीएला आहे. अशा ग्रुपबरोबर काम केलं तर क्रेडिट मिळतात का, की नुसतं सर्टिफिकेट? – विद्यार्थी, पंचवटी

उत्तर : मिळू शकतात. नव्या पॅटर्नमध्ये कम्युनिटी एंगेजमेंटचे क्रेडिट आहेत, आणि प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तास. एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) असशील तर दोन वर्षांत २४० तास भरायचे असतातच, त्यात बसवता येतं का ते प्रोग्राम ऑफिसरला आधी विचार, नंतर विचारलंस की ‘आमच्या यादीत नाही’ असं उत्तर येतं. तासांची वही ठेव आणि दर वेळी सही घे. आणि भाऊ, काम म्हणजे सूत्रसंचालन आणि सेल्फी नव्हे. समज एखाद्या नेपाळी दाजूंच्या पोराला तू दहावीचं मराठी शिकवलंस आणि त्यानं तुला त्यांची दसैंची (त्यांच्या दसऱ्याची) टीका, म्हणजे टिळा, कशी लावतात ते दाखवलं (दही, तांदूळ आणि लाल अबीर, कपाळभर, आपल्या गंधासारखी बारीक नाही), तर ते तास खरे.

प्रश्न : मुलगी कोरियन सिरीयल बघून बघून आता कोरियन शिकायचं म्हणते. आधी ग्रॅज्युएशन नीट कर म्हटलं तर रुसते. या आशियाई भाषांचा उपयोग काय हो? – एक आई, सिडको

उत्तर : रुसू द्या, शिकू द्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळेत देता येतील अशा परदेशी भाषांत जपानी, कोरियन, थाई यांची नावं आहेत, म्हणजे शिकवणारे लागणारच. कोरियनची टोपिक म्हणून परीक्षा असते, जपानीची जेएलपीटी, एन-५ पासून एन-१ पर्यंत चढत जायची, पुण्यात सेंटर आहे. सहा महिन्यांत वेड उतरलं तर तुमचं नुकसान फीपुरतं. नाही उतरलं तर वरच्या गंगापूर रोडच्या ताईंकडे पाठवा, त्यांना कॉलेजच्या वयाची माणसं हवीच असणार. आणि हो, सिरीयल बघताना मराठीतून भांडणं झाली तरी चालतील, पण सबटायटल मात्र अधूनमधून बंद करायला सांगा.