'सौम्य' गाठ सौम्य असते का?

फोंड्याहून एका वाचकाने विचारले आहे : भाच्याच्या मणक्यात 'ऑस्टिऑइड ऑस्टिओमा' ही हाडाची गाठ निघाली. बांबोळीच्या डॉक्टरांनी 'बिनाइन आहे, घाबरू नका' म्हणून सांगितले. आता घरात कुणी त्याला 'सौम्य कर्करोग' म्हणतो, कुणी 'निरुपद्रवी गाठ'. बरोबर काय?

दोन्ही नकोत. 'सौम्य कर्करोग' तर सरळच चूक. बिनाइन म्हणजे कर्करोग नव्हेच. परिभाषेत 'सौम्य अर्बुद' म्हणतात. यातला 'अर्बुद' म्हणजे गाठ, हा शब्द सुश्रुतसंहितेच्या 'निदानस्थान' या भागातला : वाटोळे, स्थिर, मंद दुखणारे, सावकाश वाढणारे, न पिकणारे.

घोटाळा 'सौम्य'ने होतो. सौम्य ताप म्हटले की आपण काढा पिऊन पडून राहतो. ही गाठ बहुधा दीड सेंटिमीटरहूनही लहान, पण रात्री पोराला झोपू देत नाही. तिच्या गाभ्यात प्रोस्टाग्लँडिन हे दुखणे वाढवणारे रसायन तयार होते, म्हणून ॲस्पिरिनच्या जातीच्या गोळीने दुखणे पुष्कळदा उतरते. डॉक्टरांना तीच मोठी खूण. पोर एका अंगाला वाकून चालू लागते आणि घरचे दप्तराला दोष देतात! कण्याला जिकडे आत बाक येतो, गाठ बहुधा त्याच बाजूला असते. साध्या एक्स-रेत ती निसटू शकते. सीटी स्कॅनमध्ये गाभा नीट दिसतो. अहवालात त्याला 'निडस' लिहितात, मराठीत 'गाभा'च ठेवावा.

'निरुपद्रवी' तर त्याहून वाईट. शेजारी मज्जारज्जू असताना कसली निरुपद्रवी? हिचीच मोठी बहीण ऑस्टिओब्लास्टोमा साधारण दोन सेंटिमीटरच्या पुढची. ती वाढत राहते, नसा दाबू शकते. शस्त्रक्रियेत गाभा पुरता निघावा लागतो, राहिला तर दुखणे परत. मणक्यांच्या सांध्याचा बराच भाग काढावा लागला तर स्क्रू आणि सळ्या बसवून कणा धरावा लागतो. काही ठिकाणी सीटीत बघत सुई घालून रेडिओलहरींच्या उष्णतेने गाभा जाळतात. मज्जारज्जू अगदी लगत असेल तर तिथे फार जपावे लागते. तेव्हा 'गाठ जाळली' हे बोलणे बरोबरच आहे, त्यात गावठी काही नाही.

घरात 'कर्करोग नसलेली हाडाची गाठ' म्हणा. लांबलचक आहे खरे, पण आजीलाही कळते. योजनेच्या किंवा विम्याच्या अर्जावर मात्र भाषांतराच्या फंदात पडू नका. अहवालातले नाव अक्षर न बदलता उतरवा.