पप्पांना सामन्याला आणू नको

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा नववीत आहे. शाळेच्या 17 वर्षांखालच्या कबड्डी संघात चढाई करतो. ह्यांना कबड्डीचं पहिल्यापासून वेड, लग्नाआधी गावच्या संघात खेळायचे. पोळ्यानंतर तालुक्याचे सामने झाले. मुलाचा एक बोनस गुण पंचांनी दिला नाही, तर हे थेट मैदानात शिरले. ‘आंधया शे का रे? डोया फुटनात का तुना?’ असं सगळ्यांसमोर ओरडले आणि पंचांची कॉलर धरली. शाळेच्या सरांनी ओढून बाजूला नेलं. कुणीतरी शूटिंग काढून ग्रुपवर टाकलं. तेव्हापासून मुलगा म्हणतो, ‘आई, पप्पांना सामन्याला आणू नको.’ ह्यांना बोलले तर म्हणतात, ‘पोराच्या हक्काचा गुण गेला, मी गप्प बसू?’ मी कोणाची समजूत काढू?
— एक आई, पाचोरा तालुका

उत्तर : ताई, मुलाची समजूत काढू नका. त्याचं म्हणणं बरोबर आहे आणि ते त्याने नीट शब्दांत सांगितलंय. फक्त ते तुम्हाला सांगून भागणार नाही. त्याने ते वडिलांना सांगायला हवं, तुम्ही शेजारी बसा. सामन्याच्या आदल्या रात्री मात्र नको. एखाद्या साध्या दिवशी, जेवणं उरकल्यावर ओट्यावर बोला. तुम्ही निरोप्या झालात की वाक्यं मऊ होतात आणि समोरच्याला ‘बाईचं काहीतरी’ म्हणून ते झटकून टाकता येतं.

आता तुमच्या मिस्टरांबद्दल. त्यांना खेळ कळतो, हे मी मानते. म्हणूनच त्यांच्याशी खेळाच्या भाषेत बोला. समोर किमान 6 बचावपटू असतील तरच बोनस मिळतो. चढाईपटूचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकला पाहिजे आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत पाहिजे. मागच्या पायाचा अंगठा मातीला घासत राहिला तर बोनस नाही. पंच बाजूच्या रेषेवरून चढाईपटूबरोबर सरकत असतो, तो त्या अंगठ्यासाठी. आणि आईबाप कुठे बसतात? मागच्या रेषेपाशी, नाहीतर कोपऱ्यात मंडपाच्या सावलीत. तिथून पुढचा पाय छान दिसतो, मागचा बचावपटूंच्या पायांआड जातो. मी स्वतः पंचगिरी करते, आणि सुट्टीच्या दिवशी त्या कोपऱ्यातून सामना पाहते तेव्हा मलाही बोनस ठरवता येत नाही.

पंच चुकतात. मैदानावर एक गुण गेला तर उरलेल्या सामन्यात तो परत मिळवता येतो. आक्षेप घ्यायचाच असेल तर तो संघाच्या व्यवस्थापकाने लेखी घ्यायचा असतो. त्याला वाट आहे. बापाने मैदानात शिरणं ही वाट नाही.

यामागे मार्कांची धास्तीही असते, ते मला माहीत आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून विभागाला जाणं घराघरात महत्त्वाचं झालंय. आपल्याकडे कापसाचा भाव कोसळला की पोराच्या नोकरीकडेच सगळ्यांचे डोळे लागतात. त्या काळजीला मी नावं ठेवत नाही. पण ती काळजी ज्याच्यासाठी, त्याचं मैदानावर काय होतं ते बघा. बाप ओरडला की पोर पंचाकडे बघत नाही, बापाकडे बघतं. पुढच्या चढाईला ते बोनस रेषेपर्यंत जातच नाही. बोनस रेषेच्या अलीकडची निदान रेषा तेवढी ओलांडतं, हात फिरवल्यासारखं करतं आणि मध्यरेषेकडे परत येतं. ओरड्याच्या भीतीने दम टिकत नाही त्याचा. हे मी जळगावला पाहिलंय, धुळ्याला पाहिलंय, शिरपूरकडच्या गावांत पाहिलंय. गुण जातात ते तिथे.

कॉलर धरली, तिथे मात्र मी कुठलीही सूट देणार नाही. नेदरलँड्समधल्या अल्मेरे शहरात 2012 साली मुलांच्या फुटबॉल सामन्यात रेषेवर झेंडा धरून उभा असलेला एक बाप मारहाणीत मेला. त्याचा स्वतःचा मुलगा त्याच सामन्यात खेळत होता. शिक्षा झालेल्यांमध्ये पोरं होती आणि त्यांच्यातल्या एकाचा बापही होता. कॉलरला हात गेला की पुढे काय होईल हे त्या माणसाच्याही हातात राहत नाही. तुमच्या मिस्टरांनी त्या पंचांच्या घरी जाऊन माफी मागावी. मुलाला बरोबर नेऊ नये, फोनवर उरकू नये. आणि ज्या ग्रुपवर ते शूटिंग फिरलं, तिथे स्वतःच लिहावं, ‘माझं चुकलं.’

मग एक काम करा. शाळेच्या सरांना भेटून, सरावाच्या सामन्यांत तुमच्या मिस्टरांना शिट्टी देता येईल का ते विचारा. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या डेप्टफर्ड गावात मुलांच्या बेसबॉल लीगने 2023 मध्ये नियमच केला : अंपायरवर ओरडाल तर मैदानावर बंदी, आणि परत यायचं असेल तर आधी 3 सामन्यांत स्वतः अंपायर म्हणून उभं राहायचं. आपल्याकडे तसा नियम व्हावा असं मला मनापासून वाटतं. गावच्या संघात खेळलेला माणूस दुपारच्या उन्हात दोन डाव बाजूच्या रेषेवर सरकला, लॉबी म्हणजे मैदानाच्या कडेची पट्टी कधी धरायची, दम गेला की नाही, अंगठा उचलला की नाही, हे सगळं एकाच वेळी बघायला लागला, की त्याच्या ज्ञानाला काम मिळतं. चांगले पंच असेच तयार होतात, आणि आपल्याला पंच कमीच पडतात.

तोवर मुलाची इच्छा पाळा. पुढचे काही सामने पप्पा घरी. परत कधी बोलवायचं ते मुलाने ठरवावं.

प्रश्न : मी भुसावळला कॉलेजात शिकते आणि 14 वर्षांखालच्या मुलांच्या क्रिकेट स्पर्धेत अंपायर म्हणून उभी राहते. पायचीत दिलं नाही तर स्क्वेअर लेगकडून, म्हणजे फलंदाजाच्या बाजूने, पालक ओरडतात, ‘घरी जाऊन भाकऱ्या थाप.’ एकाने पार्किंगमध्ये गाडी आडवी लावली. आई म्हणते सोड. सोडू का?

उत्तर : सोडू नकोस, पण अशा अटींवर उभीही राहू नकोस. स्क्वेअर लेगकडून टप्पा लेग स्टंपच्या आत पडला की बाहेर हे दिसूच शकत नाही, आणि बाहेर पडला तर पायचीत देताच येत नाही. त्यांना हे पटवत बसणं तुझं काम नाही. खेळाडू उद्धट वागले तर 42 व्या नियमाने तू 5 दंडधावा देऊ शकतेस. प्रेक्षकांवर तो नियम चालत नाही. त्यांना आवरणं हे आयोजकांचं काम आहे. म्हणून टॉसच्या आधी विचार, ‘कोणी ओरडलं तर त्याला बाहेर कोण काढणार?’ नाव आणि मोबाइल नंबर घे. नाव मिळालं नाही तर टॉस करू नकोस. अंपायरच्या किंवा खेळाडूच्या सुरक्षिततेला धोका असेल तर खेळ थांबवायचा अधिकार अंपायरांना 2 ऱ्या नियमातच आहे. तो वापरायला लाजू नकोस. गाडी आडवी लावणाऱ्याचा गाडी नंबर, वेळ आणि जागा लिहून आयोजकांना दे, एक प्रत स्वतःकडे ठेव. पुन्हा घडलं तर पोलीस ठाण्यात जा, आईला बरोबर ने. जाता-येता दुसऱ्या अंपायरबरोबर निघ. आणि मॅच फी आधी ठरवून घे. खेळ थांबवावा लागला तरी ती पूर्ण मिळेल, हे कागदावर लिहून घे.