भावाने युनिडेन एसडीएस१०० हा रेडिओवरचं बोलणं ऐकायचा स्कॅनर भेट दिलाय. त्यात फ्रिक्वेन्सी भरायला सेंटिनल पुरेल की विकतचं सॉफ्टवेअर घ्यावं? कोल्हापूरच्या फ्रिक्वेन्सी कुठे मिळतील?

सेंटिनल घ्या. फुकट आहे, युनिडेनचंच आहे, विंडोजवर चालतं. एवढं लिहून थांबणार होतो, पण प्रश्नात तुम्ही खाली जोडलंय, "विकतचं ते विकतचंच, असं सगळे म्हणतात." हे वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दाजी म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरीनिमित्त न्यू जर्सीत राहून आले, येताना युनिडेनचाच बीसीडी४३६एचपी स्कॅनर घेऊन आले. तुमच्या एसडीएस१०० चा थोरला भाऊच, त्यालाही सेंटिनलच लागतं. पण दाजींनी एक विकतचं सॉफ्टवेअर घेतलं, वर फ्रिक्वेन्सी डेटाबेसची वर्गणी भरली. मी उद्यमनगरात सीएनसीचं जॉबवर्क करतो, हॅम म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स आहे, माझ्या हातात साधा ॲनालॉग हँडसेट. त्यात चॅनेल भरायचे चर्प नावाच्या सॉफ्टवेअरने, तेही फुकट. प्रत्येक सणावाराला जेवणाच्या पंगतीत दाजींचा एकच विषय. "अरे, तुझं ते फुकटचं. त्याला कोण वाली आहे का?"

ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पंचगंगा गेली ५५ च्या वर. शिरोलीला हायवे बंद. नागाळा पार्कात दाजींच्या इमारतीत पाणी शिरलं, तशी ताई आणि दाजी आमच्याकडे राजारामपुरीत आले. दाजींनी कपड्यांच्या आधी स्कॅनर पिशवीत घातला होता, हे ताईंनी आल्या आल्या सगळ्यांसमोर सांगितलं. लॅपटॉप मात्र वरच्या मजल्यावर, कपाटात राहिला.

लाईट नव्हती, मोबाईलला रेंज येऊन-जाऊन. आम्ही तीन-चार हॅम १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास साध्या एफएमवर एकमेकांना निरोप देत होतो. कुणाच्या आईचं इन्सुलिन संपलंय, कुठल्या गल्लीत बोट पोचली, असलेच. दाजींनी मोठ्या ऐटीत स्कॅनर चालू केला. पडद्यावर आलं, मिडलसेक्स काउंटी. खाली पोलीस, फायर, स्कूल बस, सगळं न्यू जर्सीचं. बाहेर पाऊस कोसळतोय आणि दाजींचा स्कॅनर अमेरिकेतल्या शाळेच्या बसा शोधतोय! आमची पोरं हसून लोळायची बाकी होती.

"दाजी, आमची फ्रिक्वेन्सी घाला की त्यात."

"लॅपटॉप नाही ना रे."

माझ्या कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर चालेना, कारण लायसन्स त्या एकाच लॅपटॉपला बांधलेलं. सेंटिनल उतरवून घ्यावं तर नेट नाही. आणि कीपॅडवरून एक फ्रिक्वेन्सी टाकून तिथेच थांबायचं, हे दाजींनी कधी शिकूनच घेतलं नव्हतं. बरं, यंत्राला काही झालं नव्हतं. आमचा साधा एफएम त्याने सहज ऐकला असता. माझ्या शॉपमध्ये पॅनेलवरून एक ऑफसेट बदलता न येणारा ऑपरेटर मी मशीनजवळ उभा करत नाही. दाजी सासरचे, त्यांना काय बोलणार?

असो, तुमच्या प्रश्नाकडे येतो. प्रोस्कॅन किंवा एआरसी५३६ असल्या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये काय मिळतं? कॉम्प्युटरवरून स्कॅनर चालवणं, आवाज रेकॉर्ड करणं, यादी भराभर बदलणं. चांगली आहेत, वाईट म्हणत नाही. पण लोक पैसे टाकतात ते खरं तर रेडिओरेफरन्स या फ्रिक्वेन्सींच्या वेबसाईटच्या वर्गणीसाठी, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या तयार याद्या एका बटणावर आत याव्यात म्हणून. तीच माहिती सेंटिनल दर आठवड्याला वर्गणीशिवाय आणतं. आणि कोल्हापुरात त्या माहितीचं करायचं काय? तिथला झिप कोड आपल्या पिनकोडला विचारत नाही.

म्हणून पहिल्यांदा स्कॅनरच्या कार्डावरचं सगळं कॉम्प्युटरवर कॉपी करून ठेवा. मग सेंटिनलमध्ये स्वतःची फेव्हरिट्स लिस्ट बनवा, कन्व्हेन्शनल सिस्टीम (एका चॅनेलला एक ठरलेली फ्रिक्वेन्सी) घ्या, चॅनेल हाताने भरा. त्या लिस्टचं लोकेशन कंट्रोल, म्हणजे जागेनुसार चॅनेल आपोआप चालू-बंद करणं, बंद करा आणि ऐकायच्या याद्यांमधून फुल डेटाबेस, म्हणजे ती अमेरिका-कॅनडाची तयार यादी, काढून टाका, नाहीतर तुमच्याही घरी मिडलसेक्स काउंटी यायची. केबल मिनी यूएसबीची लागते, आणि डेटाची. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर कॉम्प्युटरला स्कॅनर दिसतच नाही, मग लोक सॉफ्टवेअरला शिव्या घालतात.

चर्प तुमच्या स्कॅनरला चालणार नाही, ते हॅम सेटसाठी आहे. डिजिटल रेडिओच्या वेगवेगळ्या पद्धती असतात: त्यातली पी२५ तुमच्या स्कॅनरमध्ये आधीपासून आहे, डीएमआर आणि एनएक्सडीएनसाठी युनिडेन वेगळे पैसे घेतं. टेट्रा ही पद्धत तो उलगडत नाही. बोलणं एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक कुलूप लावलेलं, असेल तर कुठलाच स्कॅनर आणि कुठलंच सॉफ्टवेअर काही करू शकत नाही, कुणी "करून देतो" म्हणाला तर पैसे देऊ नका.

फ्रिक्वेन्सींचं म्हणाल तर कोल्हापूरची आयती यादी शोधत बसू नका. हॅमचे दोन पट्टे भरा, १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ. रिपीटर (हॅमचं बोलणं पकडून पुढे लांबवर पाठवणारं यंत्र) कुठे आहेत ते बघायला रिपीटरबुक ही वेबसाईट आहे, पण तिथलं प्रत्येक रिपीटर चालू असेलच असं धरू नका. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाची १४५.८०० घाला. रंकाळ्यावर मोकळ्या आभाळाखाली उभं राहून ते स्थानक डोक्यावरून जाताना ऐकणं म्हणजे नाद खुळा, अर्थात वर कुणी बोलत असेल तर. बाकीचं एखाद्या हॅमच्या वहीतून मिळेल, वेबसाईटवरून नाही.

आणि कीपॅड शिका. दाजी, तुम्ही हे वाचत असाल तर तुम्हीपण.

हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं: भारतात रेडिओ यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवाना किंवा सूट लागते. १९३३ च्या कायद्यात हेच होतं, २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही आहे. पोलिसांचं किंवा दुसऱ्या कुणाचं बोलणं चोरून ऐकणं हा तर सरळ गुन्हा. भावाने भेट दिलाय हे कारण चालत नाही. तेव्हा आधी हॅमची परीक्षा द्या, वयाची १२ वर्षं पूर्ण झालेलं पोरगंसुद्धा देऊ शकतं. रिस्ट्रिक्टेड ग्रेड या सुरुवातीच्या पायरीला मोर्स लागत नाही, अर्ज सरल संचार पोर्टलवर भरतात. कॉल साईन (परवानाधारक हॅमची ओळखीची खूण) हातात पडेपर्यंत स्कॅनर खोक्यातच राहू दे, सेंटिनल तेवढं उतरवून याद्या बनवायचा सराव करा, त्याला परवाना लागत नाही.