मुंबई की विदर्भ? रणजीच्या बाद फेरीआधी मी काय बघतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रणजीच्या बाद फेरीत मुंबई आणि विदर्भ समोरासमोर आले की सामन्याआधी कोणाचं पारडं जड हे कसं ओळखायचं? कागदावर तर दर वेळी मुंबईच भारी दिसते, आणि यावरून तुमच्या घरात दोन तट पडलेत. माझं बालपण अकोल्यात गेलं आणि नोकरी मुंबईत, त्यामुळे हे दोन तट माझ्याही घरात आहेत आणि या प्रश्नावर मी बराच विचार केलाय.

माझं उत्तर एका ओळीत सांगतो. सामना कोण जिंकेल हे विचारूच नका, पहिल्या डावात आघाडी कोण घेईल एवढंच विचारा.

रणजीच्या बाद फेरीचा सामना पाच दिवसांचा असतो आणि तो अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त तो पुढे जातो. नियम सगळ्यांना माहीत असतो, पण संघांची तुलना करताना तो कुणी हिशेबात धरत नाही. 2025 मध्ये केरळने उपांत्यपूर्व फेरीत जम्मू-काश्मीरला एका धावेच्या आघाडीवर मागे टाकलं (281 विरुद्ध 280) आणि उपांत्य फेरीत गुजरातला दोन धावांच्या (457 विरुद्ध 455). गुजरातच्या शेवटच्या जोडीतल्या फलंदाजाने मारलेला फटका शॉर्ट लेगच्या, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवर आदळला, चेंडू उडाला आणि स्लिपमध्ये झेलला गेला. केरळ आयुष्यात पहिल्यांदा अंतिम फेरीत पोचलं ते असं. आणि तिथे विदर्भाने त्यांना हरवलं तेही 379 विरुद्ध 342 अशा आघाडीवरच, सामना अनिर्णितच राहिला.

आघाडी हातात असली की दुसऱ्या डावात घाई करायची गरज उरत नाही. समोरच्याला मात्र जिंकावंच लागतं.

आता मुंबई-विदर्भच्या दोन सामन्यांकडे या. मार्च 2024 ची वानखेडेवरची अंतिम लढत: मुंबई 224, विदर्भ 105. आघाडी 119. फेब्रुवारी 2025 ची नागपूरच्या जामठ्यावरची उपांत्य लढत: विदर्भ 383, मुंबई 270. आघाडी 113. पहिला सामना मुंबईने 169 धावांनी जिंकला, दुसरा विदर्भाने 80 धावांनी. गंमत पुढे आहे. चौथ्या डावात हरणाऱ्या संघांनी किती केल्या? विदर्भाने 368 आणि मुंबईने 325. पाचव्या दिवसाच्या खेळपट्टीवर या काही थोड्याथोडक्या धावा नव्हेत. वानखेडेवर विदर्भाचा कर्णधार अक्षय वाडकरने 102 आणि फिरकीपटू हर्ष दुबेने 65 करून शेवटच्या दिवशी उपाहारापर्यंत मुंबईच्या पोटात गोळा आणला होता. नंतर शेवटचे पाच गडी 15 धावांत गेले म्हणून सुटका झाली. दोन्ही वेळा हरणारा संघ शेवटच्या डावात जीव तोडून लढला, पण सामना त्याआधीच, दुसऱ्या दिवशी, हातातून निसटला होता.

मग आघाडी कोण घेईल हे आधी कसं कळणार? इथे बहुतेक जण पहिल्या चार फलंदाजांची नावं मोजतात. मी सहा ते नऊ क्रमांकांचे फलंदाज बघतो.

मुंबईचे ते दोन मोसम आठवा. 2024 च्या उपांत्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे या त्याहीखालच्या, दहा आणि अकरा नंबरच्या जोडीने शेवटच्या गड्यासाठी 232 धावा जोडल्या, दोघांचीही शतकं झाली. उपांत्य फेरीत तामिळनाडूविरुद्ध 7 बाद 106, तिथून शार्दूल ठाकूरच्या 109 आणि कोटियनच्या नाबाद 89. अंतिम फेरीत बिनबाद 81 वरून 6 बाद 111, पुन्हा शार्दूल, 75 धावा. पुढच्या वर्षी हरयाणाविरुद्ध 7 बाद 113, शम्स मुलाणी 91 आणि कोटियन 97. एवढं सगळं डोळ्यांसमोर असताना 2025 च्या उपांत्य सामन्याआधी लोक म्हणत होते, रहाणे आहे, सूर्यकुमार आहे, शिवम दुबे आहे, मुंबईला कोण हरवणार. त्याच मोसमात जानेवारीत मुंबईतल्या बीकेसी मैदानावर रोहित शर्मा आणि यशस्वी जयस्वाल खेळत असताना जम्मू-काश्मीरने मुंबईला पहिल्या डावात 120 त गुंडाळून सामना जिंकला होता. तिथेही दुसऱ्या डावात सात गडी बाद झाल्यावर शार्दूलने 119 केल्या, पण तेव्हा उशीर झाला होता.

याचा अर्थ दुहेरी आहे. मुंबईचं शेपूट, म्हणजे तळाची फलंदाजी, देशात सर्वांत चिवट होतं हे खरं, आणि वरची फळी त्याला वारंवार कामाला लावत होती हेही तितकंच खरं. जो संघ सलग दोन मोसम खालच्या फळीच्या जिवावर तरतो, तो एखाद्या दिवशी तरणार नाही हे गृहीत धरायलाच हवं. नागपुरात तेच झालं. पार्थ रेखडे या नवख्या डावखुऱ्या फिरकीपटूने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे यांना परत पाठवलं. सलामीच्या आकाश आनंदने एक बाजू धरून 106 केल्या, त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं, पण 383 पर्यंत पोचायला ते पुरणार नव्हतं.

विदर्भाचा ढाचा उलटा होता. त्यांच्या धावा वरच्या सहा जणांकडून येत होत्या. उपांत्य सामन्याच्या पहिल्या डावात शतक एकाचंही नाही: ध्रुव शौरी 74, दानिश मालेवार 79, यश राठोड 54, करुण नायर 45. सगळ्यांनी मिळून 383. दुसऱ्या डावात 4 बाद 56 झाल्यावर राठोड आणि कर्णधार वाडकर यांनी दीडशेवर भागीदारी केली, राठोड 151 वर थांबला. त्या मोसमात राठोडने 960 आणि नायरने 863 धावा काढल्या. माझ्या मते राठोडची ती खेळी हा त्या वर्षीच्या रणजीतला सर्वांत मोलाचा डाव होता. एखादा गडी आणखी लवकर गेला असता तर मुंबईसमोर 406 ऐवजी तीनशेच्या आतलं लक्ष्य असतं आणि मुलाणीचे 85 धावांतले सहा बळी आज वेगळ्या कारणाने आठवले असते.

दुसरी गोष्ट माती. वानखेडेची लाल माती, उसळी देते, आणि सकाळच्या पहिल्या तासात चेंडू हलतो. जामठ्याची काळी माती, संथ, उसळी कमी, आणि दिवस पुढे सरकले की फिरकीला साथ. म्हणून जामठ्यावर नाणेफेक जिंकली की फलंदाजी, यावर फार चर्चा होत नाही. वानखेडेवर मात्र 2024 मध्ये वाडकरने गोलंदाजी घेतली आणि त्यावर पुष्कळ टीका झाली. मला ती पटत नाही. मुंबई 6 बाद 111 होती म्हणजे निर्णय बरोबरच ठरत होता. घात झाला तो त्याच संध्याकाळी, धवल कुलकर्णी आणि शार्दूलने विदर्भाची अवस्था 3 बाद 31 केली तेव्हा. आणि हर्ष दुबेच्या बाबतीत मातीचा हिशेब फारसा चालत नाही, तो दोन्हीकडे चालतो. वानखेडेवर त्याने आठ बळी घेतले होते आणि 2024-25 मध्ये 69 बळी घेऊन एका रणजी मोसमातला विक्रमच केला.

तिसरी गोष्ट, भारतीय संघातून एकदोन सामन्यांसाठी आलेली मोठी नावं. त्यांचा अनादर करायचा नाही, शिवम दुबेने नागपुरात 49 धावांत पाच बळी घेतले होते. पण असा खेळाडू लाल चेंडूवर, म्हणजे अनेक दिवसांच्या सामन्यात, तीन तास शेवटचा कधी उभा राहिला होता, हे जरूर बघा. कसं उभं राहायचं ते मला मुशीर खानने दाखवलं. 2024 च्या अंतिम सामन्याच्या तिसऱ्या दिवशी मी वानखेडेच्या स्टँडमध्ये होतो. आघाडी मुंबईकडे, ऊन मी म्हणणारं, आणि एकोणीस वर्षांचा हा पोरगा चेंडूमागून चेंडू खेळून काढतोय. दुसऱ्या टोकाला श्रेयस अय्यर फटकेबाजी करत 95 पर्यंत गेला आणि लोक त्याच्यासाठी ओरडत होते. माझ्या शेजारचे एक काका मात्र मुशीरने चेंडू सोडला की टाळी वाजवत होते. 326 चेंडूंत 136. विदर्भाच्या गोलंदाजांचे खांदे उतरलेले वरून स्पष्ट दिसत होते. 119 ची आघाडी 537 वर नेली ती मुंबईच्या या दुसऱ्या डावानेच.

तुमच्या घरातल्या मुंबईकरांना एक आठवण द्या. विदर्भाला अजूनही 'आश्चर्याचा धक्का देणारा संघ' म्हणणं आता बंद करायला हवं. 2017-18 आणि 2018-19 असे लागोपाठ दोन करंडक, मग 2025. पहिले दोन मुंबईचेच प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांच्या हाताखाली आणि मुंबईचा जुना फलंदाज वसीम जाफर संघात असताना आले, म्हणजे मुंबईचा खडूसपणा, सहजासहजी हार न मानण्याची वृत्ती, नागपुरात केव्हाच मुरलाय. आणि विदर्भवाल्यांनीही 42 वेळा जिंकलेल्या संघाची सवय कमी लेखू नये. 7 बाद शंभर असतानाही आपण सामन्यात आहोत असं मानणं ही मोठी ताकद आहे.

तर पुढच्या वेळी आदल्या संध्याकाळी मी असा बघेन. सामना जामठ्यावर असेल तर विदर्भ, आणि नाणेफेक त्यांनी जिंकली तर मी फार विचारही करणार नाही. वानखेडेवर मुंबई थोडी पुढे, पण मुलाणी, कोटियन आणि शार्दूल तिघंही संघात असतील तरच. त्यांतला एक जरी नसला तर सहा ते नऊमधला तो आधार जातो, आणि मग वानखेडेवरही मी विदर्भाकडे झुकेन, समोर मुंबईच्या वरच्या फळीत कोणाचीही नावं असोत. त्रयस्थ मैदान असेल तर पहिल्या दिवशी सकाळी खेळपट्टीवर गवत किती ठेवलंय ते कळल्याशिवाय मी काहीच बोलणार नाही.