वज्रचुडेमंडित

एका वाचकाचा प्रश्न आहे : पेशवाईतल्या पत्रांत स्त्रीच्या नावाआधी 'वज्रचुडेमंडित' असं येतं. वज्र म्हणजे हिरा. मग मोहिमेवरचा नवरा बायकोला 'हिऱ्यांच्या बांगड्या ल्यालेली' म्हणतो आहे का?

नाही. वज्राचा हिरा हा अर्थ खराच, पण इथे घ्यायचा तो त्याचा कठीणपणा. चुडा सवाष्णीचा, काचेचा. मनगट कुठे आपटलं की तडकणारा. तो वज्रासारखा अभंग राहो, म्हणजे तुझा नवरा जगो, एवढा आशीर्वाद या एका विशेषणात आहे. काचेला वज्र जोडणारा हा शब्द ज्याला सुचला, त्याला माझा नमस्कार. बांगडी 'फुटली' म्हणायचं टाळून आपण 'वाढवली' म्हणतो, त्यामागेही हीच धास्ती.

शब्दाची घडणही पाहा. 'मंडित' शुद्ध संस्कृत, 'चुडे' मात्र आपलं घरातलं मराठी रूप. चूडामणीतली 'चूडा' वेगळी, ती डोक्यावरची.

इतर कुणी हा मायना लिहिला, तर आशीर्वाद देणारा एक आणि ज्याचं आयुष्य मागायचं तो दुसरा. रणावरून नवऱ्यानेच लिहिला, की दोघे एकच होतात. तो बायकोच्या चुड्यासाठी मागतो ते स्वतःचंच आयुष्य. साध्या शिपायाला बहुधा लिहिता येत नसे. सरदाराचं पत्रही अनेकदा कारकून मोडीत लिही आणि घरी ते चारचौघांत वाचलं जाई. मनातलं उघड लिहायला जागा कुठली? म्हणून जुनं पत्र वाचताना मायना ओलांडून थेट मजकुराकडे जाऊ नये, असं मला कळकळीने वाटतं.

नवरा गेला की मायना बदले : 'गंगाभागीरथी', पुढे नुसतं 'गं. भा.'. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर 'लाख बांगडी फुटली' असं आपण अजून म्हणतो, तेव्हा किती घरांचा मायना त्या एका दिवसात बदलला असेल!

सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई त्या मोहिमेत सोबत होत्या. त्या परत आल्या, भाऊ आले नाहीत. त्यांचा मृत्यू पार्वतीबाईंनी कधीच मानला नाही आणि सौभाग्यलेणी उतरवली नाहीत.